ब्रूटस काय बोलतो आणि काय करतो

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रस्त्यापर्यंत आणि खाडीपलीकडे वाशी, नेरूळ, खारघरपर्यंत आयसीएसई मंडळाच्या ज्या शाळा आहेत, त्यांतली नववी-दहावीची मुले सध्या शेक्सपिअरचे 'ज्युलियस सीझर' हे नाटक अभ्यासत आहेत. रोमचा सत्ताधीश सीझर राजा होईल या भीतीने ब्रूटस आणि कॅशिअस कट करून त्याला मारतात, आणि सीझरचा मित्र अँटनी त्यांच्यावर उलटतो, अशी त्याची कथा. इंग्रजी साहित्याचा लेखी पेपर ८० गुणांचा असतो, उरलेले २० गुण शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. लेखी पेपरातले नाटकावरचे प्रश्न कोणत्याही प्रवेशातून निघाले, तरी शेवटी पात्रांपाशीच येऊन ठेपतात. म्हणून आज या नाटकातली पात्रे कशी अभ्यासावीत, एवढ्याच विषयावर मी बोलणार आहे.

बहुतेक मुलांच्या वह्यांत कॅरेक्टर स्केच या मथळ्याखाली विशेषणांची यादी असते. ब्रूटस उदात्त, कॅशिअस धूर्त, अँटनी निष्ठावान, सीझर गर्विष्ठ. ही विशेषणे खोटी नाहीत. पण प्रश्नपत्रिकेत आठ-दहा ओळींचा उतारा देऊन 'इथे या पात्राचा कोणता स्वभाव दिसतो' असे विचारले जाते, तेव्हा पाठ केलेले विशेषण त्या ओळींवर बसतेच असे नाही, आणि मूल गोंधळून जाते. कादंबरीत लेखक मध्ये येऊन अमुक माणूस कसा आहे ते सांगू शकतो. नाटकात ती सोय नसते. जे काही कळते ते कोणाच्या तरी तोंडून कळते, आणि बोलणारा प्रत्येक जण समोरच्याकडून काहीतरी मिळवण्यासाठी बोलत असतो. गडकरी रंगायतनमध्ये किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बसून ज्यांनी नाटक पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रंगमंचावर दुसरे कोण उभे आहे यावरून वाक्याचा खरेखोटेपणा प्रेक्षक आपोआप तोलत असतो. वाचतानाही तेच करायचे आहे.

कॅशिअसचे पाहा. पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात तो ब्रूटसला टायबर नदीत पोहण्याची गोष्ट सांगतो, बुडू लागलेल्या सीझरला आपण कसे वाचवले ते सांगतो, आणि असा दुबळा माणूस आज देव झाला आहे म्हणून चिडतो. हे सगळे ब्रूटसला आपल्या बाजूला ओढण्यासाठी आहे. ब्रूटस निघून गेल्यावर मात्र तो एकटा उरतो आणि मनातले बोलतो: मी ब्रूटसच्या जागी असतो, तर मला असे कोणी वळवू शकले नसते. निरनिराळ्या हस्ताक्षरांतल्या चिठ्ठ्या नागरिकांच्या नावाने ब्रूटसच्या खिडकीतून टाकण्याचा बेतही तो तिथेच उघड करतो. धूर्तपणाचा पुरावा द्यायचा तर तो या स्वगतातून द्यावा, आधीच्या संवादातून नव्हे.

सीझरबद्दल थोडक्यात सांगते. उत्तरात रोमचा इतिहास लिहायचा मोह मुलांना होतो, पण परीक्षा या नाटकातल्या सीझरची आहे. सुमारे १५९९ मध्ये शेक्सपिअरने हे नाटक लिहिले ते प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाच्या चरित्रांच्या आधारे, थॉमस नॉर्थच्या १५७९ च्या इंग्रजी भाषांतरावरून. तरीही पात्रे घडवताना त्याने स्वतःची भर घातली. सीझर अँटनीला सांगतो की कॅशिअससारखी माणसे धोकादायक असतात, पण मी कोणाला भीत नाही, कारण मी सीझर आहे. आणि लगेच म्हणतो, माझ्या उजव्या बाजूला ये, कारण या कानाने मला ऐकू येत नाही. गर्व आणि शरीराची दुर्बलता इतकी शेजारी शेजारी ठेवलेली आहेत की एवढा एक उतारा नीट समजला, तर सीझरवरचे अर्धे उत्तर हाती येते.

ब्रूटसपाशी मात्र पुष्कळ थांबावे लागते. दुसऱ्या अंकाच्या आरंभी, रात्री आपल्या बागेत तो स्वतःशी बोलतो, आणि त्या स्वगताची सुरुवातच निकालाने होते: त्याच्या मृत्यूनेच हे साधेल. कारणे नंतर येतात. सीझरशी माझे वैयक्तिक वैर नाही, असे तो प्रामाणिकपणे सांगतो. सीझरच्या विकारांनी त्याच्या विवेकावर मात केल्याचे मी पाहिलेले नाही, हेही कबूल करतो. तरीसुद्धा मुकुट मिळाल्यावर तो बदलेल, म्हणून सापाच्या अंड्यासारखे त्याला कवचातच संपवावे, असे ठरवतो. ज्या गुन्ह्याचा पुरावा नाही, जो अजून घडलेलाही नाही, त्याची शिक्षा देणारा हा माणूस स्वार्थी असता तर प्रश्न सोपा झाला असता. तो निःस्वार्थी आहे, म्हणूनच ते वाचताना जीव कासावीस होतो. कॅशिअसच्या चिठ्ठ्यांनी ब्रूटस फसला, असे मुले सर्रास लिहितात. पण या प्रवेशात चिठ्ठी त्याच्या हाती पडते ती या स्वगतानंतर. अशा चिठ्ठ्या आपल्याला यापूर्वीही सापडल्या आहेत, असे तो म्हणतो हे खरे, तरी 'फसला' एवढ्यावर थांबणारे उत्तर मला अपुरे वाटते.

पुढे तीन वेळा कॅशिअस व्यवहाराचा सल्ला देतो आणि तीनही वेळा ब्रूटस तो बाजूला सारतो. अँटनीलाही मारावे, हा पहिला. आपण बळी देणारे आहोत, खाटीक नव्हे, असे म्हणून ब्रूटस नकार देतो. अँटनीला सीझरच्या अंत्यविधीत बोलू देऊ नये, हा दुसरा. पुढे युद्धात, अँटनीच्या सैन्यावर फिलिपाय या ठिकाणी आपण चालून जाऊ नये, शत्रूला आपल्याकडे येऊ द्यावे, हा तिसरा. प्रत्येक वेळी ब्रूटसचा निर्णय अंगलट येतो. आपला हेतू शुद्ध आहे, म्हणजे आपला निर्णयही बरोबर असणार, ही त्याची खात्री त्यामागे असते. त्यांत चौथ्या अंकातले भांडण जोडावे. लाचखोरीवरून कॅशिअसला तो फैलावर घेतो, शेतकऱ्यांना पिळून पैसा काढणे आपल्याला जमत नाही म्हणतो, आणि त्याच दमात, सैनिकांच्या पगारासाठी तुझ्याकडे सोने मागितले ते तू दिले नाहीस, अशी तक्रार करतो. ते सोने कोठून येणार होते, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवत नाही. एवढे लिहिणाऱ्या मुलाने 'उदात्त' हा शब्द जरूर वापरावा. आता त्याला आधार आहे.

उत्तर लिहिताना लांबलचक अवतरणे पाठ करण्याची गरज नसते. पात्राचे तीन-चार शब्द त्याचेच द्यावेत, ते कोणाला आणि कोणत्या प्रसंगी उद्देशून आहेत हे एका वाक्यात सांगावे, आणि त्यानंतर त्या पात्राने काय केले ते लिहावे.

घरात इंग्रजी फारसे बोलले जात नाही, म्हणून आम्ही काय मदत करणार, असे अनेक पालक मला विचारतात. प्रवेश वाचून झाला की मराठीतच तीन गोष्टी विचाराव्यात: हा कोणाशी बोलतो आहे, त्याला त्याच्याकडून काय हवे आहे, आणि तो माणूस निघून गेल्यावर हा काय म्हणतो? एवढ्यावर घरात चांगला वाद होऊ शकतो, आणि वाद झालेले उत्तर मूल विसरत नाही.

सुरुवात चौथ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशापासून करावी, कारण तो अगदी छोटा आहे आणि वर्गात घाईने उरकला जातो. सीझरच्या प्रेतापुढे रडणारा, प्रत्येक रोमन नागरिकाला ७५ द्राख्मा (त्या काळची नाणी) देणारे त्याचे मृत्युपत्र वाचून जमाव पेटवणारा अँटनी इथे ऑक्टेव्हियस आणि लेपिडस या आपल्या सत्तेतल्या भागीदारांबरोबर कोणाकोणाला मारायचे त्याची यादी करत बसला आहे. आपल्या बहिणीच्या मुलाच्या नावापुढे तो बिनदिक्कत खूण करतो. तेच मृत्युपत्र आणायला तो लेपिडसला पाठवतो, लोकांना द्यायच्या रकमेत काटछाट कशी करता येईल ते पाहण्यासाठी. आणि लेपिडसची पाठ वळताच ऑक्टेव्हियसजवळ त्याची तुलना ओझे वाहणाऱ्या गाढवाशी करतो. 'निष्ठावान मित्र' असे वहीत लिहिले असेल, तर ते खोडू नये. त्याच्याखाली हा प्रवेश लिहावा आणि दोन्ही अँटनी एकाच उत्तरात मांडावेत.

नमस्कार.