सही प्रिन्सिपलची, निर्णय कोणाचा?

नमस्कार मंडळी. राजेंद्रनगर, सुदामानगर, टिळकनगर, लोकमान्यनगर, जिथून कुठून ऐकत असाल तिथल्या सगळ्यांना नमस्कार. मी बरीच वर्षं आपल्या इंदूरात शिकवलं आणि प्रिन्सिपल म्हणून रिटायर झाले, आणि आज जे बोलायचंय ते त्या खुर्चीबद्दलच आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत शाळांसाठी इतके कायदे आले, इतके नियम बदलले, कोर्टाचे आदेश आले, आणि ते सगळे फिरून फिरून एकाच टेबलावर येतात, मॅडम इथे सही करा. पण ज्यांची सही त्यांच्या हातात तो निर्णय असतो का, हे फारसं कोणी विचारत नाही. पालकांनी ते विचारायला लागावं असं मला अगदी मनापासून वाटतं, म्हणून आज आलेय.

फीपासूनच सुरू करते, कारण एप्रिल आला की सगळ्यांच्या डोक्यात तेच असतं. खजुरी बाजारात पुस्तकांसाठी गर्दी, ड्रेसचा खर्च, बसचा खर्च, आणि त्यात फी वाढल्याचा मेसेज, मग पालक चिडून शाळेत येतात आणि समोर जी मॅडम दिसते तिच्यावर सगळा राग निघतो. तर मध्य प्रदेशात खाजगी शाळांच्या फीसाठी कायदा आहे, २०१७ चा, आणि त्याचे नियम २०२० मध्ये आले. साधारण असं आहे की वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढ शाळा स्वतः करू शकते, दहा ते पंधरा टक्के वाढवायची तर कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीची परवानगी लागते, आणि त्याच्या वर जायचं तर राज्य समितीकडे. ठराविक दुकानातूनच पुस्तकं घ्या, ड्रेस घ्या, अशी सक्ती शाळेला करता येत नाही. २०२४ च्या डिसेंबरात विधानसभेनं ह्यात दुरुस्ती केली, वर्षाला पंचवीस हजारांपर्यंत फी घेणाऱ्या लहान शाळांना ह्यातून सूट दिली, आणि बसची फी पण वार्षिक फीमध्येच धरायची असं केलं, कारण फी दहा टक्केच वाढवली असं सांगून बसचे पैसे वाटेल तसे वाढवायचे हा एक रस्ता होता, तो बंद झाला हे फार बरं झालं.

आता त्याच २०२४ चा मे महिना आठवा. जबलपूरला प्रशासनानं ११ खाजगी शाळांवर फी आणि पुस्तकांच्या प्रकरणात एफआयआर केले, आणि अटक झालेल्यांमध्ये शाळा चालवणाऱ्या संस्थांच्या लोकांबरोबर प्रिन्सिपलपण होते. त्या केसेसमध्ये कोण दोषी कोण नाही ते कोर्ट बघेल, मला त्यावर काही म्हणायचं नाही. पण ती बातमी आली त्या दिवशी ओळखीच्या कितीतरी प्रिन्सिपल मैत्रिणींचे फोन आले आणि सगळ्यांचा प्रश्न एकच होता, की अगं फी किती वाढवायची ते मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये ठरतं, आपल्याला फक्त सर्क्युलर काढायला सांगतात, मग आपलं काय? खरंच आहे ते. बऱ्याच शाळांमध्ये प्रिन्सिपल त्या मीटिंगला बसतात पण त्यांना मत विचारत नाहीत, आणि विचारलं तरी नोकरी वर्षावर्षाच्या काँट्रॅक्टवर असेल तर माणूस किती बोलणार. म्हणून मी त्या सगळ्यांना तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते, की मत लेखी द्या. फी वाढीचा प्रस्ताव दहा टक्क्यांच्या वर जात असेल तर परवानगी लागेल हे ईमेलवर लिहून द्या, मीटिंगच्या मिनिट्समध्ये ते यायला हवं असा आग्रह धरा. तोंडी बोललेलं पुढे कोणालाच आठवत नाही.

पण फी हा शेवटी पैशाचा विषय झाला. ज्या कायद्यासाठी मी आज मुख्य म्हणजे बोलायला आलेय तो पॉक्सो, लहान मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, २०१२ चा. अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल ह्यात येतं, मुलगी असो की मुलगा. ह्याचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा झालाय हे ज्याला कळलं, किंवा होऊ शकतो अशी भीती ज्याला वाटली, त्यानं पोलिसांना कळवायचं. ज्याला म्हणजे कोणालाही, शिपाई असो, क्लास टीचर असो, शेजारची काकू असो. कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाबद्दलची गोष्ट दाबली, तर शिक्षा एक वर्षापर्यंत आणि वर दंड. म्हणजे कायद्यानं स्पष्ट म्हटलंय की खुर्ची मोठी तर जबाबदारी पण मोठी, आणि इथे मला तक्रार नाही, हे असंच पाहिजे.

शाळांमध्ये अशा वेळी नेमकं काय होतं ते मला माहितीये. पहिली गोष्ट डोक्यात येते ती शाळेच्या नावाची. मग कोणीतरी म्हणतं की आधी आपण आपली चौकशी करू, खरं आहे का ते बघू, चार सीनियर टीचर्सची कमिटी बसते, मुलाला बोलावून तेच ते परत परत विचारतात, ज्याच्यावर संशय आहे त्या माणसाला पण बोलावतात, त्याला कळतं, पालकांना म्हणतात तुमच्याच मुलीचं नाव होईल बघा, आणि ह्या सगळ्यात दिवस जातात, मूल अजून घाबरतं, पुरावा जातो. श्रोते हो, गोष्ट खरी की खोटी हे ठरवणं शाळेचं कामच नाही. कायदा तुमच्याकडून सिद्ध करून मागत नाही, फक्त कळवायला सांगतो. चांगल्या हेतूनं कळवलं आणि पुढे काही निघालं नाही तर कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हे त्याच कलम १९ मध्ये आहे. मुलानं चुकीचं सांगितलं असं निघालं तरी मुलाला शिक्षा नाही. आणि पालकांना जी भीती वाटते, पोलीस घरी येतील, मोहल्ल्यात चर्चा होईल, त्याचाही विचार ह्या कायद्यात केलाय. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा, आणि त्या वेळी पोलिसांनी वर्दीत यायचं नाही. मुलाचं नाव, पत्ता, फोटो, शाळेचं नाव, ओळख पटेल असं काहीही मीडियात येता कामा नये. हे सगळं कलम २३ आणि २४ मध्ये लिहिलेलं आहे आणि पालकांना हे सांगायला पाहिजे, शाळेनंच सांगायला पाहिजे, पालक मीटिंगमध्ये, दर वर्षी.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची ऑगस्ट २०२४ ची गोष्ट आपण सगळ्यांनी वाचलीये, आपले निम्मे नातेवाईक त्याच बाजूला राहतात, तेव्हा घराघरात फोनवर तेच बोलणं चालू होतं. तिथे वेळेवर कळवलं नाही म्हणून मुख्याध्यापिका आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर ह्याच कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. मला त्यातून एवढंच घ्यायचंय की घरातल्या घरात मिटवू हे जे आपल्या तोंडात सहज येतं, ते अशा बाबतीत आता गुन्हा आहे. आणि २०२० चे पॉक्सोचे नियम म्हणतात की मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याचं पोलीस व्हेरिफिकेशन करायचं, वेळोवेळी करायचं. म्हणजे फक्त टीचर्सचं नाही, बसचा ड्रायव्हर, कंडक्टर, स्वीपर, गार्ड, कँटीनचा मुलगा, डान्स शिकवायला महिन्यातून दोनदा येणारे सर, सगळ्यांचं. एजन्सीचे लोक आहेत, आमचे नाहीत, हे उत्तर प्रिन्सिपलनं स्वीकारायचं नाही, त्या एजन्सीकडून कागद मागायचे आणि कागद येईपर्यंत माणसाला आत घ्यायचं नाही. आता विचार करा, हे करायचा अधिकार किती प्रिन्सिपलना आहे? एजन्सी मॅनेजमेंटची, पैसे मॅनेजमेंट देतं, आणि गार्ड बदला म्हटलं तर बजेट नाही. अडचण तिथेच आहे.

बसचंही तसंच. ५ जानेवारी २०१८ ची ती संध्याकाळ इंदूरात कोणी विसरलेलं नाही, बायपासवर स्कूल बस डिव्हायडर ओलांडून ट्रकवर गेली, चार मुलं गेली आणि ड्रायव्हरही गेला. त्या अपघातानंतर ज्या याचिका झाल्या त्यांवर हायकोर्टाच्या आपल्याच इंदूर खंडपीठानं डिसेंबर २०२४ मध्ये निकाल दिला आणि सरकार वेगळे नियम करेपर्यंत पाळायच्या सूचना घालून दिल्या. बारा वर्षांपेक्षा जुनी बस चालवायची नाही, स्पीड गव्हर्नर, म्हणजे वेगावर मर्यादा ठेवणारं यंत्र, पाहिजे, जीपीएस आणि सीसीटीव्ही पाहिजे आणि पालकांना मोबाईलवर गाडी कुठे आहे ते दिसलं पाहिजे, ड्रायव्हरला निदान पाच वर्षांचा अनुभव पाहिजे, आणि ऑटोमध्ये ड्रायव्हर धरून चारच जण. हा शेवटचा नियम ऐकून तुमच्यापैकी किती जण गप्प झाले असतील मला कळतंय, कारण आपल्या गल्लीत सकाळी जो ऑटो येतो त्यात किती मुलं असतात ते आपण रोज बघतो, आणि ते शाळेनं नाही, आपणच ठरवलेलं असतं, स्वस्त पडतं म्हणून. शाळेची बस असेल तर मात्र फिटनेसचा कागद, इन्शुरन्स, ड्रायव्हरचं लायसन्स बघायला मागा. चांगली शाळा दाखवेल.

बाकी दोन-तीन गोष्टी भराभर सांगते. पाचवी आणि आठवीला परत परीक्षा आहे, आरटीईमध्ये, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, २०१९ ला झालेल्या बदलानं राज्यांना तो अधिकार मिळाला आणि आपल्या मध्य प्रदेशात ती बोर्ड पॅटर्नवर होते. मूल नापास झालं तर निकालानंतर दोन महिन्यांत दुसरी संधी द्यावी लागते, आणि आठवी होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही. तुमच्या मुलाला नापास झाला म्हणून टीसी घेऊन जा असं कोणी म्हटलं तर ते बेकायदेशीर आहे, घाबरून टीसी घेऊ नका.

टीचर्ससाठी मोठी बातमी १ सप्टेंबर २०२५ ची. सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पहिली ते आठवी शिकवणाऱ्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हावं लागेल, ज्यांची रिटायरमेंटला पाच वर्षांहून जास्त नोकरी बाकी आहे त्यांना दोन वर्षांची मुदत दिली, पाचपेक्षा कमी असेल तर नोकरी राहील पण टीईटीशिवाय प्रमोशन नाही. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या बेंचकडे पाठवलाय. पन्नाशीच्या बाईंना, ज्यांनी पंचवीस वर्षं पहिलीच्या मुलांना अक्षरं गिरवायला शिकवली, त्यांना आता रात्री बसून बालविकास आणि अध्यापनशास्त्राचे एमसीक्यू सोडवावे लागणार, मला त्यांच्याबद्दल खूप वाटतं. पण नियम आहे तर प्रिन्सिपलनं त्यांना सोबत करावी, टाइमटेबलमध्ये दोन पिरियड मोकळे काढून द्यावेत, लायब्ररीत पुस्तकं मागवावीत, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्यांच्यावर ॲन्युअल डेचं काम टाकू नये.

आणि माहितीचा कायदा, डिजिटल पर्सनल डेटाचा, २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर आई-वडिलांची संमती, हा त्याचा गाभा. दुसरीकडे सीबीएसईनं जुलै २०२५ मध्ये सांगितलं की शाळेत आवाजासकट रेकॉर्डिंग करणारे सीसीटीव्ही लावा, टॉयलेट सोडून सगळीकडे, आणि पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवा. म्हणजे एका बाजूनं सगळं टिपायचं आणि दुसऱ्या बाजूनं ते सगळं जपायचं, आणि मध्ये प्रिन्सिपल. ते फुटेज कोण बघतं, पासवर्ड कोणाकडे आहे, हे तरी आजच ठरवा. आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चाळीस मुलांचे मार्क, फोटो, समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा ओळख नंबर, आणि घरचे मोबाईल नंबर असलेली लिस्ट टाकायची सवय आहे ना, ती बंद करा, कायदा पूर्ण लागू व्हायची वाट बघू नका.

आता माझं म्हणणं. संस्था चालवणारे बरेच जण आपलेच मराठी लोक आहेत, ऐकतही असतील, म्हणून हात जोडून सांगते. जबाबदारी प्रिन्सिपलवर टाकताय तर अधिकार पण द्या, आणि कागदावर द्या. पोलिसांना कळवायला मॅनेजमेंटची परवानगी लागणार नाही, असं नियुक्तीपत्रात लिहा. व्हेरिफिकेशन नसलेल्या माणसाला गेटवर थांबवायचा, फिटनेस नसलेली बस उभी करायचा अधिकार लिहा. जिल्ह्यात वकील आहेत, रिटायर्ड पोलीस अधिकारी आहेत, त्यांना बोलावून जूनमध्ये सगळ्या स्टाफसाठी एक दिवस ठेवा, शिपाई आणि मावशींसकट, कारण मूल बऱ्याचदा पहिल्यांदा मावशींनाच सांगतं.

आणि पालकांनो, सरकारी शाळेत मूल असेल तर आरटीईप्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते, त्यात तीन चतुर्थांश पालकच असतात आणि निम्म्या बायका असायला हव्यात, त्या मीटिंगला जा, नुसती रजिस्टरवर सही करायला नका जाऊ. खाजगी शाळेत असेल तर पुढच्या पालक मीटिंगमध्ये मार्कांच्या आधी हे विचारा की पोलीस व्हेरिफिकेशन शेवटचं कधी झालं, आणि फीचा निर्णय कोणी घेतला. उत्तर मिळालं नाही तर डीईओ, म्हणजे जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांच्या ऑफिसला लेखी द्या, मंगळवारी कलेक्टर ऑफिसला लोकांच्या तक्रारी ऐकायची जनसुनवाई असते तिथे द्या, आणि पोच घ्या. मुलांच्या बाबतीत काही शंका आली तर १०९८, चाइल्ड हेल्पलाइन, पैसे लागत नाहीत, रात्री पण चालू असते, आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा आणि आपल्या शाळेच्या प्रिन्सिपलच्या टेबलावर तो नंबर लावलाय का तेही बघून या. नमस्कार.