चुंबकावरचा कीस

(दृश्य: रात्रीचा हँगर. विमानाच्या इंजिनाचं कवच उघडलेलं. हातमोजा घातलेला हात एक छोटा प्लग फिरवून बाहेर काढतो.)

हा प्लग अंगठ्याएवढा. टोकाला चुंबक. बेअरिंगांना न्हाऊ घालून ऑइल टाकीकडे परत निघतं, तेव्हा त्याला याच्या समोरून जावं लागतं. त्यातून लोखंडाचा कण चालला असेल, तर तो इथे अडकतो.

मेकॅनिक प्लग टॉर्चखाली धरतो. टोकाला काळसर, सायीसारखी भुकटी जमलेली. तो ती चिमटीत चोळतो. टोचत नाही. मग ठीक आहे, गिअरचे दाते एकमेकांवर फिरणार म्हटल्यावर एवढं निघायचंच. पण कण बोटाला लागला, उजेडात चकाकला, तर त्याचा चेहरा बदलतो. असा खवला बहुतेकदा बेअरिंगच्या अंगावरून सुटलेला असतो. तो पिशवीत घालून प्रयोगशाळेत जातो. धातू ओळखला की घर सापडतं, कारण गिअरचं पोलाद वेगळं आणि मुख्य बेअरिंगचं वेगळं.

जेट इंजिन म्हटलं की डोळ्यांसमोर ज्वाळा येतात, पाती येतात. आजची गोष्ट मात्र त्या तेलाची, जे जाळण्यासाठी भरलेलंच नाही.

(दृश्य: इंजिनाचा उभा छेद. एकात एक बसवलेले दोन शाफ्ट.)

उदाहरणाला बोइंग ७३७ चं सीएफएम५६-७बी हे इंजिन घेऊ. यात एका पोकळ शाफ्टच्या, म्हणजे फिरणाऱ्या आसाच्या, पोटातून दुसरा शाफ्ट जातो. आतला शाफ्ट पुढचा पंखा फिरवतो, मिनिटाला पाच हजारांच्या आसपास फेऱ्यांनी. बाहेरचा शाफ्ट हवा दाबणारा कॉम्प्रेसर फिरवतो. त्याचा शंभर टक्के वेग मिनिटाला १४,४६० फेरे, म्हणजे सेकंदाला २४१. तुम्ही ‘एक’ म्हणेपर्यंत एवढं झालेलं असतं.

हे सगळं तोललेलं आहे पाच ठिकाणच्या बेअरिंगांवर. त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत, एक ते पाच. तत्त्व सायकलच्या चाकातल्या छर्‍यांचंच. छर्‍यांचं बेअरिंग शाफ्टला पुढे-मागे सरकू देत नाही, शाफ्टचा पुढे-मागेचा सगळा रेटा तेच अंगावर घेतं. रोलरचं बेअरिंग नेमकं उलट वागतं. शाफ्ट तापला की लांबीला वाढतो, आणि वाढायला जागा दिली नाही तर कुठेतरी काहीतरी फाटणार. रोलर त्याला लांबीच्या दिशेनं हळूच सरकू देतात. म्हणून एका शाफ्टला छर्रे एकाच जागी. बाकी सगळीकडे रोलर.

सगळ्यात अवघड जागचं दुखणं म्हणजे चौथा नंबर. तो दोन शाफ्टच्या मधे बसतो. त्याची आतली कडीही फिरते, बाहेरचीही. नशीब की दोन्ही शाफ्ट एकाच दिशेनं फिरतात, त्यामुळे त्याला फक्त दोघांच्या वेगातला फरक सोसावा लागतो.

मोटारीच्या क्रँकशाफ्टला छर्रे नसतात, तो ऑइलच्या थरावर तरंगतो. मग इथेच का? कारण छर्रे-रोलरना तेल थोडं पुरतं, सुरू होताना ते अडत नाहीत, आणि तेलाचा पुरवठा क्षणभर तुटला तरी लगेच जीव सोडत नाहीत. हवेत असताना हा ‘क्षणभर’ फार मोलाचा.

त्यांचं पोलाद एम-५०, चार टक्क्यांच्या आसपास मॉलिब्डेनम आणि तेवढंच क्रोमियम असलेलं. ते दोनदा वितळवतात, दोन्ही वेळा निर्वातात. एवढा सोपस्कार कशासाठी? पोलादात धूळकणाएवढी अशुद्धी राहिली, तरी कोट्यवधी फेर्‍यांनंतर भेग तिथूनच सुरू होते. आणि मग तो खवला.

(दृश्य: ऑइलचा कॅन. टाकीच्या तोंडातून ओतली जाणारी तांबूस धार.)

बैलगाडीखाली लटकवलेलं वंगणाचं नळकांडं ज्यांनी पाहिलंय, त्यांना वाटेल की हेही तेच. चाक कुरकुरू नये म्हणून लावायचं. इथे तसं नाही. इथे ऑइलचं मोठं काम उष्णता उचलून नेण्याचं. टाकी साधारण वीस लिटरची, आणि तेच ऑइल पुन्हा पुन्हा फिरत राहतं. बारीक नळ्यांतून बेअरिंगवर पिचकारी उडते, ऑइल तापतं, खाली जमतं आणि पंप ते ओढून परत टाकीत नेतात. ओढणार्‍या पंपांची ताकद देणार्‍या पंपापेक्षा जास्त ठेवावी लागते, कारण परतताना ते निव्वळ ऑइल नसतं, हवेनं फसफसलेला फेस असतो.

उणे चाळीस अंशांत गोठू नये आणि दोनशेच्या घरात करपू नये, ही अट खनिज तेलाला झेपत नाही. म्हणून हे एस्टर नावाच्या रसायनांपासून बनवलेलं कृत्रिम तेल. पुढे ते इंधनाला आपली उष्णता देऊन थंड होतं आणि जाता जाता इंधनातला बर्फही वितळवतं.

बेअरिंगच्या खोलीभोवती कॉम्प्रेसरची हवा दाबून धरलेली असते. हवा आत शिरते, त्यामुळे ऑइल बाहेर येत नाही. सील झिजलं की हिशेब उलटतो. मग ऑइलचा अंश केबिनच्या हवेत पोचतो आणि प्रवाशांना ओल्या मोज्यांसारखा वास येतो.

(दृश्य: समोरून बोइंग ७३७.)

आता या इंजिनाचं तोंड नीट बघा. पुण्याच्या विमानतळावर खिडकीत बसून मीही कितीदा पाहिलंय. ते गोल नाही, खालून चपटं आहे. ७३७ बुटकं विमान, आणि मोठा पंखा बसवल्यावर खाली जागाच उरली नाही. तेव्हा इंजिनाच्या पोटाखालची यंत्रं उचलून कडेला लावली.

ही यंत्रं म्हणजे इंधनाचा पंप, ऑइलचे पंप, हायड्रॉलिक पंप, वीज देणारा जनरेटर. बाहेरच्या वेगवान शाफ्टवरून एक बारीक दांडा काटकोनात बाहेर निघतो, पंख्यामागच्या पोकळ खांबातून जातो आणि कडेच्या गिअरबॉक्सला फिरवतो. विमानातला चहा गरम होतो तो याच दांड्याच्या जिवावर. इंजिन सुरू करताना सगळं उलट चालतं. स्टार्टर गिअरबॉक्स फिरवतो, गिअरबॉक्स दांडा, आणि दांडा शाफ्टला जागं करतो.

यातली मला सगळ्यात आवडणारी वस्तू मात्र मुद्दाम कच्ची ठेवलेली आहे. जनरेटरच्या शाफ्टला एका जागी मान बारीक केलेली असते. जनरेटर आत अडकला की ती मान तुटते. जनरेटर जातो, गिअरबॉक्स वाचतो. घरातल्या फ्यूजच्या तारेसारखं.

(दृश्य: काळा पडदा. तारीख उमटते, ५ मे १९८३.)

ईस्टर्न एअर लाइन्सचं एल-१०११ विमान. इंजिनं तीन. मायामीहून बहामातल्या नासाउला निघालेलं. विमानात १७२ माणसं.

आदल्या रात्री तिन्ही इंजिनांचे चुंबकी प्लग बदलले होते, अगदी सुरुवातीला पाहिले तसेच. एरवी हे प्लग गळती रोखणारी रबरी ओ-रिंग चढवूनच हातात मिळायचे. त्या रात्री नेहमीच्या जागी ते नव्हते. भांडारातून जे आणले त्यांना रिंगा नव्हत्या, आणि ते कुणी पाहिलं नाही. तिन्ही प्लग तसेच बसले.

उड्डाणानंतर प्लगच्या फटीतून ऑइल वाहू लागलं. आधी मधल्या इंजिनातल्या ऑइलचा दाब पडला. कॅप्टननं ते बंद करून विमान मागे वळवलं. मग उरलेल्या दोन्ही इंजिनांचे ऑइलचा दाब घटल्याचे दिवे लागले. तिन्ही टाक्या एकदम रिकाम्या? कॉकपिटमध्ये आधी वाटलं की काटेच बिघडलेत. काटे खरं बोलत होते. एक इंजिन थांबलं, थोड्या वेळानं दुसरंही. तेरा हजार फुटांच्या आसपासून विमान एकाही इंजिनाविना समुद्राकडे उतरू लागलं. प्रवाशांनी लाइफ जॅकेट चढवली. चार हजार फुटांच्या सुमारास मधलं इंजिन पुन्हा पेटलं. ते सगळ्यात आधी बंद केलं होतं, त्यामुळे त्याची बेअरिंगं अजून शाबूत होती. त्या एका इंजिनावर विमान मायामीत उतरलं. सगळे वाचले.

चूक एका प्लगवर थांबली असती तर दोन इंजिनं शाबूत राहिली असती. पण एकच चूक एकाच रात्री तिन्हीकडे झाली. आता लांबच्या समुद्रावरून जाणार्‍या दोन इंजिनांच्या विमानांत असं काम एकाच माणसानं एकाच वेळी दोन्ही इंजिनांवर करू नये, असा दंडक आहे.

(दृश्य: पुन्हा तोच हँगर.)

मेकॅनिक जुनी रिंग काढून टाकतो. नवी रिंग पाकिटातून काढतो, बोटावर ताणून बघतो, ऑइलचा हात फिरवून खाचेत बसवतो. प्लग जागेवर जातो. मग इंधन न देता इंजिन स्टार्टरवर फिरवतात. तो खाली वाकून प्लगच्या कडेवर टॉर्च धरतो आणि थेंब येतो का ते बघत राहतो.

येत नाही. तो कागदावर सही करतो. दुसर्‍या इंजिनाची शिडी रिकामीच असते. तिथे दुसरा माणूस येणार आहे.