चिकटत नाहीत, तरी रांगेत लागतात: कडक गोळ्यांचा क्रिस्टल

नमस्कार मंडळी! समजा आपल्याकडे कडक गोळे आहेत, एकमेकांना ओढत नाहीत, लांबून ढकलत नाहीत, फक्त एकमेकांच्या अंगात घुसू शकत नाहीत, बस एवढाच नियम. असे गोळे आपणहून रांगेत लागून क्रिस्टल बनवतील का?

वाटतं, कशाला बनवतील, चिकटवणारं काहीच नाही ना. आणि हे फक्त आपल्यालाच वाटतं असं नाही हां, 1957 साली एका परिषदेत फिजिक्सवाल्यांनी यावर चक्क मतदान केलं आणि मतं निम्मी-निम्मी पडली! त्याच वर्षी आल्डर आणि वेनराइट यांनी कॉम्प्युटरवर गोळे चालवून दाखवले, की गर्दी वाढली की गोठतात.

कारण एन्ट्रॉपी, म्हणजे गोळे किती वेगवेगळ्या प्रकारे राहू शकतात त्याचं माप; ते जास्तीत जास्त असेल तिकडे गोष्टी आपणहून जातात. विरार फास्टमध्ये दाराशी सगळे वाकडेतिकडे, खिशात हात जात नाही, पण आत सीटांच्या मधे लायनीत उभे राहिले की तेवढ्याच गर्दीत प्रत्येकाला जरा हलायला मिळतं. गोळ्यांचं तसंच, रांगेत प्रत्येकाला हलायला जागा जास्त, म्हणून एकूण एन्ट्रॉपीही जास्त. गोळ्यांनी 49.4 टक्के जागा व्यापली की क्रिस्टल दिसायला लागतो, 54.5 च्या वर सगळाच क्रिस्टल. तापमानाचा काही संबंधच नाही, हे मला अजून भारी वाटतं.

1986 मध्ये प्युसी आणि व्हॅन मेगन यांनी ॲक्रिलिकचे बारीक गोळे द्रवात सोडून हेच खरोखर दाखवलं, काचेच्या कुपीत क्रिस्टल रंगीत चमकतात.

हे कॉम्प्युटरवर करून बघायचा कोड म्हणाल तर अगदी सोपा आहे, एक गोळा उचला, किंचित सरकवा, दुसऱ्यावर चढला तर परत जागेवर, नाही चढला तर राहू द्या, आणि हे कोट्यवधी वेळा. डब्याच्या डावीकडून बाहेर गेलेला उजवीकडून आत येतो, म्हणजे भिंतीची भानगड नको.

खरी कटकट वाट बघण्यात आहे. सुरुवातीला रांगेत लागलेला छोटा पुंजका बहुतेक वेळा विरघळूनच जातो. म्हणून 2001 मध्ये आउअर आणि फ्रेंकेल यांनी कॉम्प्युटरवर मुद्दाम त्या पुंजक्यांना धरून क्रिस्टल जन्मण्याचा वेग मोजला, तर कमी गर्दीत तो प्रयोगातल्या वेगापेक्षा प्रचंड कमी निघाला, दहापट-शंभरपट नाही, कितीतरी जास्त! प्रयोगातले गोळे तळाला बसतात त्यामुळे, की आकार सारखे नसतात म्हणून, यावर वाद चाललाय, माझा संशय तळाला बसण्यावर.

घरी करून बघणार असाल तर गर्दी 50 टक्क्यांवर लावू नका, लॅपटॉप तापेल आणि हाती काही लागणार नाही. 54 वर लावा. 58 च्या पुढे गेलात तर गोळे वाकडेतिकडेच अडकून काचेसारखे होतात, रांगा सहजी लागत नाहीत.