शरणपूरच्या जेकबची वाट

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

लूककृत शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपल्या सर्वांना ठाऊक आहे. लुटारूंनी जखमी करून वाटेत टाकलेल्या माणसाला पाहून याजक आणि लेवी, म्हणजे मंदिराचा सेवक, बगल देऊन निघून गेले आणि परका मानला जाणारा शोमरोनी थांबला, एवढे आपण आवर्जून सांगतो. मात्र थांबल्यानंतर त्याने काय केले, ते आपण घाईने उरकतो. त्याने त्या जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले, म्हणजे पुढची वाट तो स्वतः पायीच चालला असणार. त्याला उतारशाळेत नेऊन त्याने त्याची देखभाल केली आणि दुसऱ्या दिवशी दोन दीनार देऊनच तो पुढे निघाला. मला आज एवढेच सांगायचे आहे की, मदत करणाऱ्याची चाल, ज्याला मदत करायची त्याच्यावरून ठरते.

याचे मला सर्वांत प्रिय असलेले उदाहरण आपल्या नाशिकचे आहे. ज्या शरणपूर रोडवर सिग्नल सुटायच्या आधीच हॉर्न वाजू लागतात, त्याच शरणपुरात एकोणिसाव्या शतकात मिशनरींनी एक आश्रम चालवला होता, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तेथे राहत व शिकत असत. जेकब वेनराइट हा त्यांच्यापैकीच एक. 1872 मध्ये तो आणि शरणपूरचे आणखी काही तरुण आफ्रिकेत स्कॉटिश मिशनरी व शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या तुकडीत दाखल झाले. वर्षही पुरे झाले नाही, तोच मे 1873 मध्ये, आजच्या झांबियातील चितांबो या स्थानिक प्रमुखाच्या गावी, लिव्हिंग्स्टन वारले.

आता त्या सोबत्यांना मोकळे होता आले असते. धनी गेला होता, किनारा सुमारे 1,600 किलोमीटर दूर होता, आणि गावातून प्रेत नेऊ देण्यास लोक भीत असत. तरीही सुसी आणि चुमा या लिव्हिंग्स्टन यांच्या जुन्या आफ्रिकी सोबत्यांच्या पुढाकाराने त्यांनी ठरवले की, या माणसाला त्याच्या माणसांत नेऊन पोचवायचे. त्यांनी त्याचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. जेकबने दफनविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, आणि सर्व जण निघाले. वाटेत आजारपणे आली, सोबतीतील काही जण दगावले. आजच्या टांझानियातील उन्यान्येंबे येथे इंग्रज अधिकारी कॅमेरॉन यांनी देह तेथेच पुरावा असे सुचवले. सोबत्यांनी ते मानले नाही. पुढे लोकांनी अडवू नये म्हणून त्यांनी देहाचे गाठोडे कापडाच्या गठ्ठ्यासारखे बांधले आणि तो खांद्यावर घेऊन ते चालतच राहिले. फेब्रुवारी 1874 मध्ये, म्हणजे सुमारे नऊ महिन्यांनी, ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचले. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले, तेव्हा शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांत आपला शरणपूरचा जेकब होता.

आपल्या प्रत्येक शब्बाथ शाळेत ही हकीकत सांगितली गेली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे; परदेशी मिशनरींची नावे मुलांना पाठ असतात आणि जेकबचे नाव त्यांच्या कानावरही आलेले नसते, याचे मला मनापासून दुःख होते.

श्रोतेहो, खांद्यावर माणूस घेतला की पावले आपल्या मर्जीने टाकता येत नाहीत. मदत करणाऱ्याची चाल, ज्याला मदत करायची त्याच्यावरून ठरते. शेजारच्या आजोबांना पेन्शनच्या कामासाठी बँकेत नेताना आपण घड्याळ पाहू लागलो, तर त्यांना ते लगेच कळते, आणि पुढच्या महिन्यात ते आपल्याला सांगतच नाहीत. म्हणून त्या दिवशी दुसरे कामच ठेवू नये. पैसे मोजून झाल्यावर त्यांना दोन घटका बोलायचे असेल, तर तेही त्याच कामात धरावे.

येत्या रविवारी उपासना संपताच, आणि कृपा करून आशीर्वचन होईपर्यंत कोणी गाडीची किल्ली हातात घेऊ नये, आपल्या मंडळीतील एखाद्या वृद्ध भगिनीबरोबर चर्चच्या पायऱ्या उतरून तिच्या घरापर्यंत चालत जावे. तिचा दंड आपण धरू नये. आपला हात तिला धरू द्यावा, म्हणजे कोठे थांबायचे ते तिला ठरवता येते.