१७९: रेघ की क?

[दृश्य: काळा पडदा. हिरव्या रंगात पाच चिन्हं: ╠╧┌╛▄]

नीट बघा. दोन सांधे, दोन कोपरे आणि शेवटी खालून अर्धा भरलेला ठोकळा. कुणी चौकट आखायला बसलं आणि मध्येच उठून गेलं, असं वाटतं ना? इथे 'मराठी' लिहिलंय.

फाइल अजिबात बिघडलेली नाही. २०४, २०७, २१८, १९०, २२०. म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. आकडे बरोबर आहेत, फक्त वाचणारा पीसी त्यांचा भलताच अर्थ लावतोय.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कुठल्या आकड्याला काय म्हणायचं, हे माणसांनी आधी ठरवून द्यायचं. अमेरिकेत १९६३ साली 'आस्की' नावाची अशी यादी ठरली. सात बिट, म्हणजे सात वेळा शून्य किंवा एक: एकूण १२८ जागा. इंग्रजीचं तेवढ्यात भागतं. पण घरगुती कॉम्प्युटर आले आणि जो तो आपल्या सोयीने बदल करू लागला. १९७७ च्या कमोडोर पेटने त्यात पत्त्यांची चिन्हं बसवली. ब्रिटनच्या झेडएक्स स्पेक्ट्रमने ९६ क्रमांकावर पौंडाचं चिन्ह आणलं.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी आला. त्याने आठवा बिटही वापरला, म्हणजे जागा झाल्या २५६. एक आणि दोनवर हसरे चेहरे. तीन ते सहावर बदाम, चौकट, किलवर, इस्पिक. वरच्या १२८ मध्ये युरोपातली काही अक्षरं, थोडी ग्रीक. आणि १७६ ते २२३ या तब्बल ४८ जागांवर नुसत्या रेघा, सांधे आणि ठोकळे.

[दृश्य: पडद्याचा अगदी जवळून शॉट, टिंबं दिसतील इतका]

रेघांवर एवढी उधळपट्टी कशाला? कारण या पडद्यावर चौकट आखायची, तर ती अक्षरांनीच. आडवी ८० अक्षरं, उभ्या २५ ओळी. मेमरीत फक्त आकडे. त्यांचे आकार चिपमध्ये कायमचे कोरलेले. आयबीएमच्या, पडदा चालवणाऱ्या एकरंगी डिस्प्ले कार्डावर वेगळं चित्र काढायची सोयच नव्हती.

त्या कार्डातली एक गंमत मला फार आवडते. प्रत्येक अक्षराला नऊ टिंबं रुंद आणि चौदा उंच अशी जागा. चिपमधला आकार मात्र आठच टिंबं रुंद. नववं टिंब मोकळं, अक्षरं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. पण आकडा १९२ ते २२३ मधला असेल, तर आठवं टिंब नवव्या जागी पुन्हा उमटायचं. आडवी रेघ तुटू नये, एवढ्यासाठी! आपल्या शिरोरेघेला हेच तर हवं होतं.

[दृश्य: जुन्या पीसीची उघडी पेटी, आत बसवलेलं कार्ड]

कॉम्प्युटरवर भारतीय लिपी आणायचं आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आलं. पीसीत बसवायचं, पडद्यावर आपल्या लिपी दाखवणारं जिस्ट कार्ड तिथलंच. त्यामागची 'इस्की' ही आकड्यांची यादी १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. खालच्या १२८ जागा आस्कीला, वरच्या आपल्या लिपींना. आणि इथे खरी हुशारी दिसते. देवनागरी, गुजराती, बंगाली, तमिळ, सगळ्यांचा क एकाच आकड्यावर: १७९. मराठीत टाइप केलेली नावांची यादी गुजराती लिपीत बघायची, तर आकड्यांना हात लावायला नको.

जोडाक्षरांना वेगळे आकडे नाहीत. क, मग पाय मोडायची खूण २३२, मग ष. जुळवून क्ष दाखवायचं काम कार्डाचं. 'कि'मध्ये क आधी आणि वेलांटी नंतर, जसं आपण बोलतो तसं. डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसली पाहिजे. तेही कार्डानेच बघायचं.

पण १७९ वर आयबीएमची उभी रेघ आधीच ठाण मांडून बसली होती. कार्ड काढलं की 'काका'च्या जागी रेघ, कोपरा, रेघ, कोपरा. उलट, त्या आकड्यांना अक्षरं मानलं की हिशेबाच्या प्रोग्रॅमची चौकट म्हणजे क आणि द यांची रांग. म्हणून 'पीसी-इस्की' नावाची वेगळी मांडणी काढावी लागली. तिच्यात रेघा जागच्या जागी राहिल्या आणि सरकावं लागलं ते अक्षरांना. घर आपलं आणि खाट भाडेकरूची, अशातली गत.

१९९१ मध्येच, जगभरच्या लिपींना एकाच यादीत आकडे देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातली देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेली. ऱ, ळ सकट. दऱ्या, तऱ्हा लिहिताना आपण ज्या ऱ चा पाय मोडतो, तोच हा.

[दृश्य: पुन्हा ती पाच चिन्हं. एकेक विरतं, त्या जागी अक्षर येतं]

युनिकोडमध्ये जागांची टंचाई नव्हती. क ला मिळाला २३२५. उभ्या रेघेला ९४७४.