फोनच्या पलीकडे कोण आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेली व्यक्ती महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे जाते आणि तिला दर वेळी दहा मिनिटे मिळतात असे उदारपणे धरले, तरी वर्षभरात ते दोन तास होतात. वर्षाचे एकूण तास 8760. उरलेल्या 8758 तासांत भाकरी किती खायची, गोळी घेतली की राहिली, पायाच्या जखमेकडे आज बघायचे की उद्या, लग्नाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्याला नाही कसे म्हणायचे, हे सगळे डॉक्टरांच्या नजरेआड ठरत असते. वैद्यकात याला आजाराचे स्वव्यवस्थापन म्हणतात. शब्द सोयीचा असला तरी थोडा फसवा आहे, कारण त्यातल्या 'स्व'मुळे हे एकट्याने करायचे काम आहे असा समज होतो. मी स्वतः अकरा वर्षे मधुमेही आहे. या काळात माझ्या पथ्याचा जो काही निर्णय झाला, त्यात स्वयंपाकघरातल्या माणसाचा, कचेरीतल्या चहाच्या सोबत्यांचा आणि सकाळी फिरायला हाक मारणाऱ्या शेजाऱ्याचा हात होता. बिघडलेल्या निर्णयांतही होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

प्रश्न मोठा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या लोकांना दर आठवड्याला समोर बसवून समजावण्याइतके डॉक्टर कुठून आणणार? म्हणून सगळ्यांचे लक्ष मोबाइलकडे जाते, आणि ते योग्यच आहे. माझे म्हणणे एवढेच, की मोबाइलकडे पाहताना आपण बहुधा चुकीचा प्रश्न विचारतो. कोणते ॲप घेऊ, असे आपण विचारतो. त्याआधी विचारायचे ते असे, की या फोनच्या पलीकडे कोण आहे?

आधी मोबाइलच्या बाजूने जमा असलेला एक भक्कम पुरावा सांगतो. चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या 537 नोकरदार पुरुषांवर दोन वर्षे चालवलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. या साऱ्यांना मधुमेह झालेला नव्हता, पण साखर काठावर होती. आहार आणि व्यायामाचा सल्ला सुरुवातीला सगळ्यांनाच दिला गेला. त्यांतल्या निम्म्यांना त्यानंतर फोनवर नियमित छोटे संदेश मिळत राहिले, बाकीच्यांना मिळाले नाहीत. दोन वर्षांनी संदेश न मिळालेल्यांपैकी 27 टक्के, तर संदेश मिळालेल्यांपैकी 18 टक्के लोकांना मधुमेह झाला. साध्या एसएमएसने एवढे साधावे, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र हे संदेश सरसकट एकच मजकूर सगळ्यांना, असे नव्हते; माणूस सवय बदलण्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे, ते पाहून मजकूर ठरत होता. माझ्या फोनवरचा गोळीचा गजर हे काही करत नाही. तो आठ वाजता वाजतो, मी तो बंद करतो, आणि पुष्कळदा गोळी डबीतच राहते. गजराला माझ्याविषयी काहीच वाटत नसते, आणि मला त्याची भीड वाटत नाही.

ही भीड कुठून येते आणि कुठवर पोचते, याचा अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे जाळ्यांचा सिद्धान्त. त्यात माणूस म्हणजे एक गाठ आणि दोन माणसांतला संबंध म्हणजे एक दुवा. गाठ कशी आहे यापेक्षा ती कोणाकोणाला बांधलेली आहे, याला इथे महत्त्व. आरोग्याच्या क्षेत्रात या विचाराची मोठी चर्चा झाली ती 2007 मध्ये. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावात हृदयविकाराचा अभ्यास 1948 पासून चालू आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांनी, पुढच्या तपासणीला माणूस सापडावा म्हणून, प्रत्येकाच्या नातेवाइकांची आणि एखाद्या जवळच्या मित्राची नावे कागदावर टिपून ठेवली होती. हेतू निव्वळ पत्ता शोधण्याचा. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी त्या कागदांतून 12,067 लोकांचे 32 वर्षांचे जाळे उभे केले. एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला, तर त्या व्यक्तीचीही लठ्ठ होण्याची शक्यता 57 टक्क्यांनी वाढलेली त्यांना दिसली. भावंडांच्या बाबतीत हा आकडा 40 आणि पतिपत्नींच्या बाबतीत 37 होता. शेजारच्या घरात राहणाऱ्याचा मात्र परिणाम दिसला नाही. म्हणजे भिंतीला भिंत असून उपयोग नाही, मन लागलेले असावे लागते. या निष्कर्षांवर पुढे सांख्यिकीतज्ज्ञांनी जोरदार आक्षेप घेतले. एकसारख्या सवयीचीच माणसे मैत्री करतात, मग एकाचे दुसऱ्याला लागले असे कशावरून म्हणायचे, हा आक्षेप मलाही वजनदार वाटतो. म्हणून या टक्क्यांवर मी फार भिस्त ठेवणार नाही.

त्याहून उपयोगी धडा मला दुसऱ्या दोन अभ्यासांत दिसतो. मार्क ग्रानोवेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये असे मांडले, की नवी बातमी आपल्याला जिवलगांकडून कमी आणि तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त मिळते, कारण जिवलगांना ठाऊक असते ते आपल्यालाही आधीच ठाऊक असते. याला सैल दुव्यांची ताकद म्हणतात. सवयीचे मात्र वेगळे असावे, असे डेमन सेंटोला याने 2010 मध्ये एका प्रयोगातून दाखवले. त्याने 1,528 लोकांना इंटरनेटवर अनोळखी आरोग्यसोबती जोडून दिले. काही गटांत हे सोबती एकमेकांचेही सोबती होते, काहींत ते दूरदूर विखुरलेले होते. सोबती एका आरोग्यविषयक संकेतस्थळाचा सदस्य झाला, की तशी सूचना येई. विखुरलेल्या जाळ्यात 38 टक्के लोक सदस्य झाले, तर घट्ट विणलेल्या जाळ्यात 54 टक्के, आणि तेही अधिक वेगाने. एकाकडून ऐकले तर माणूस ऐकून सोडून देतो. तीच गोष्ट दुसऱ्याने आणि तिसऱ्यानेही केलेली दिसली, तर तो स्वतः हलतो.

आता हे आपल्या घरी आणून पाहू. मेथीच्या पाण्याने मधुमेह कायमचा जातो, हा निरोप आपल्या फोनवर इतक्या सहज का पोचतो? कारण पुढे ढकलायला काही लागत नाही; सैल दुव्यांवरून असला मजकूर वाऱ्यासारखा जातो. जेवणानंतर वीस मिनिटे चालण्याची सवय मात्र तशी जात नाही. ती जाते भजनी मंडळातून, भिशीतून, बचत गटातून, कट्ट्यावरच्या रोजच्या बैठकीतून, जिथे चौघे चौघांना ओळखतात आणि एक आला नाही तर उरलेले तिघे विचारतात. बाराशे अनोळखी सदस्यांच्या मधुमेही समूहापेक्षा, आठ बायकांच्या बचत गटाचा व्हॉट्सॲप समूह पथ्य टिकवण्यासाठी अधिक कामाचा ठरेल, असे मला वाटते ते यामुळे. मोठ्या समूहाची गरज नाही असे नव्हे. साखर मोजायच्या स्वस्त पट्ट्या कुठे मिळतात, पायाची तपासणी कुठे होते, ही माहिती तिथेच मिळेल.

आपल्या घरांच्या रचनेत आणखी एक अडचण असते. आजारी माणसाभोवतीचे जाळे बहुधा जाळे नसतेच. ती एक चांदणी असते, सगळे किरण एकाच बिंदूतून निघालेले. गोळ्यांची डबी भरणारी, डॉक्टरांची तारीख लक्षात ठेवणारी, भाजीत मीठ कमी घालणारी आणि इन्सुलिन टोचून देणारी व्यक्ती एकच असते. ती बहुतेक वेळा बायको, सून किंवा मुलगी असते. ती चार दिवस माहेरी गेली किंवा स्वतःच तापाने पडली, की सगळी घडी विस्कटते. आणि तिलाच मधुमेह झाला तर? तिच्याकडे सगळ्यांच्या गोळ्यांचा हिशोब असतो, तिच्या गोळ्यांचा कोणाकडे नसतो. अनेकदा तिच्याकडे स्वतःचा फोनही नसतो. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात सुमारे 54 टक्केच आढळले. मुलाच्या फोनवर आलेला आईच्या तपासणीचा संदेश आईपर्यंत पोचतोच, असे कोणी समजू नये.

सरकारी व्यवस्थेत या दृष्टीने एक चांगली गोष्ट घडली आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम 2017 च्या अखेरीस ज्या पाच राज्यांत सुरू झाला, त्यांत महाराष्ट्र होता. त्यात वापरले गेलेले 'सिम्पल' हे ॲप रुग्णाच्या हाती नसते, ते परिचारिकेच्या हाती असते. रुग्णाच्या कार्डावरचा चौकोनी कोड टिपला, की त्याच्या मागच्या नोंदी पडद्यावर येतात, आणि ठरल्या तारखेला जे आले नाहीत त्यांची यादीही मिळते. मग त्यांना फोन जातो. 'काका, गोळ्या संपल्या असतील, या महिन्यात दिसला नाहीत,' असे ओळखीच्या आवाजात कोणी विचारले, तर ते कामी येते. यात तंत्रज्ञानाने केले काय? आवाज कोणाला द्यायचा, ते नेमके शोधून दिले. अर्थात ही यादी कितीही अचूक असली, तरी फोन करायला माणसाला वेळ हवा. आशाताईंच्या आणि परिचारिकांच्या अंगावर आधीच किती नोंदवह्या आहेत, हे उपकेंद्रात तासभर बसणाऱ्याला दिसते. तिथेही आपण चांदणीच तयार करत नाही ना, हे पाहावे लागेल.

घरच्या घरी करता येईल असे एक काम सांगतो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात ॲन रॉजर्स, इव्हायलो व्हासिलेव्ह आणि सहकाऱ्यांनी 'जीनी' नावाचे साधन तयार केले. त्यात रुग्ण आपल्याभोवती तीन वर्तुळे काढतो आणि आजारात आपल्याला कोण उपयोगी पडते ते त्यांत मांडतो: अगदी आतल्या वर्तुळात सर्वांत महत्त्वाचे, मग त्यानंतरचे, मग बाहेरचे. त्यानंतर रुग्णाच्या आवडीनुसार त्याला गावातल्या मंडळांशी आणि उपक्रमांशी जोडून दिले जाते. मी हे कागद-पेन्सिलीने केले. आतल्या वर्तुळात पत्नी एकटी होती. मधल्यात औषधाच्या दुकानातला मुलगा आला, ज्याचे नाव मला तोवर ठाऊक नव्हते. पट्ट्या संपत आल्या की तोच आठवण करतो. भाऊ पुण्याला असतो, म्हणून मी त्याला बाहेर ठेवले होते. त्यालाही रक्तदाब आहे. आता रविवारी सकाळी आम्ही फोनवर एकमेकांना आठवड्याच्या नोंदी वाचून दाखवतो, आणि पत्नीच्या वाट्याचे तेवढे काम कमी झाले आहे.

समूह करणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. समूहात साखरेचे आकडे टाकायचा आग्रह धरू नये. ज्यांचे आकडे चांगले, ते रोज टाकतात. ज्यांचे बिघडले, ते लाजून गप्प होतात आणि नंतर समूह सोडतात, म्हणजे ज्यांना गरज होती तेच दुवे आधी तुटतात. शिवाय आकडा एकदा पुढे गेला की तो कुठे फिरेल, हे आपल्या हाती राहत नाही. त्याऐवजी 'मोजली' एवढेच लिहावे. आकडा डॉक्टरांना दाखवावा, आणि चार दिवस कोणी 'मोजली' लिहिले नाही, तर समूहावर न विचारता त्याला थेट फोन करावा.

नमस्कार.