अश्वत्थाम्याच्या शापाची कलमं

कपाळावर भळभळती जखम, दारोदार तेलाची याचना. मराठी माणसाला अश्वत्थामा असाच ठाऊक असतो आणि त्याच्यावर नवी कथा लिहिणाराही सहसा इथूनच सुरुवात करतो. पण तेल ही लोकपरंपरेची देणगी. महाभारतात ते नाही.

महाभारताच्या सौप्तिकपर्वातला अश्वत्थामा डोक्यावरचा मणी स्वतः काढून देतो. तलवारीने केसांसकट मणी काढून घेणारा अर्जुन भागवतातला. द्रौपदीही दोन आहेत. महाभारतातली अन्नपाणी सोडून त्याच्या प्राणांची मागणी करते. भागवतातली गुरुपुत्राला सोडून द्या म्हणते. एकीपासून सुरुवात करून दुसरीवर कथा संपवायची, तर मधलं परिवर्तन लेखकालाच घडवावं लागतं. पुराण ते आयतं देत नाही.

मण्याचं काम काय, हेही आधी वाचून घ्यावं. तो जवळ असेल तर शस्त्र, रोग आणि भूक यांचं भय नाही. म्हणजे मणी गेल्यावर या माणसाला भूक लागणार. लहानपणी दूध म्हणून पिठाचं पाणी प्यायलेला हा मुलगा! कादंबरीचं अख्खं प्रकरण इथे दडलंय, आणि लेखक जखमेतच अडकून पडतात.

आता श्रीकृष्णाचा शाप. अंगाला रक्त-पुवाची दुर्गंधी, निर्जन प्रदेशात एकट्याने भटकणं, कुणाशीही संभाषण नाही. मुदत 3000 वर्षं. चहाच्या टपरीवर नायकाला कुरुक्षेत्र ऐकवणारा अश्वत्थामा लिहिलात, की संभाषणाचं कलम मोडलं. मोडायला हरकत नाही, पण कथेत त्याचं कारण हवं.

कारण मुदतीतच सापडतं. परंपरेने कलियुगाचा आरंभ इसवी सनपूर्व 3102, युद्ध त्याआधी 36 वर्षं. हिशेब केला तर शाप इसवी सनपूर्व 138च्या सुमारास संपतो. मग आजही भटकणारा हा कोण? सुटका झालेला, पण कुणी बोलतच नसल्यामुळे ती न कळलेला माणूस, असंही लिहिता येईल.

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या अस्तंबा शिखरावर मात्र जपून. दिवाळीत भाविक अश्वत्थाम्याच्या दर्शनाला तिथे चढतात. कथा त्या डोंगरावर नेलीत, तर त्याला भूत करून चालणार नाही. तिथे तो अस्तंबा ऋषी आहे.